तिसऱ्या चौकोनातली आई

सुशीलाबाई बोरकुटे गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेत नव्हत्या, याचं कारण सात बटणं.

हाडांच्या डॉक्टरांना हे कारण पटत नसे. तीन वर्षांत चार वेळा त्यांनी एक्स-रे दिव्यापुढे धरून सांगितलं होतं, की दोन्ही गुडघ्यांतली गादी संपलेली आहे, हाडावर हाड घासतंय, आणि बदलायचे तर महिना-दीड महिना घर विसरावं लागेल. चारही वेळा सुशीलाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, याच्या बटना मग कोण लावेल? डॉक्टर अशा वेळी दिवाकररावांकडे बघत. दिवाकरराव छताच्या पंख्याकडे बघत. पंखा फिरत असे.

बटणं विहंगच्या शर्टाची. विहंग हा त्यांचा एकुलता एक मुलगा, वय चौतीस, उंची पावणेसहा फूट, मिशी बापासारखी. तो तीन वर्षांचा असताना नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याची वाढ हळू होईल आणि एका ठिकाणी थांबेल. तेव्हापासून सरकारने त्याला आधी मतिमंद म्हटलं, मग विशेष म्हटलं, मग दिव्यांग म्हटलं. दर वेळी नाव आधीपेक्षा चांगलं मिळालं आणि दर वेळी नवं प्रमाणपत्र काढायला त्याच खिडकीपुढे उभं राहावं लागलं.

रोज सकाळी आठ वाजता विहंग शर्ट अंगात घालून आईच्या बाजेपुढे स्टुलावर येऊन बसे, दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या कॅलेंडरवर. सुशीलाबाई खालून वर जात. सातवं, गळ्याचं बटण त्या न विसरता लावत, कारण गळा उघडा टाकून फिरणारी पोट्टी पुढे पानठेल्यावर उभी राहतात असं त्यांचं निरीक्षण होतं. दुसऱ्या कोणाचे हात विहंगला चालत नसत. तो दहा वर्षांचा असताना गोंदियाच्या मामांनी एकदा हौसेने पुढे होऊन पाहिलं होतं. मामांच्या मनगटावर ती खूण अजून आहे आणि लग्नाकार्यात ते ती दाखवतात. आंघोळीच्या पाण्यात विसण घालणं, पोळीचे तुकडे करणं, चपलेचा पट्टा ओढून देणं, हेही मग आईकडेच राहिलं. हिंदी मुलखातल्या शहरातलं पुरानी बस्तीचं घर सोडून सुशीलाबाईंनी बाहेर मुक्काम केल्याला बावीस वर्षं झाली होती. स्वतःच्या आईच्या तेरवीलासुद्धा त्या सकाळच्या गाडीने गोंदियाला गेल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आल्या, आणि सगळ्या बायकांनी, केवढं करते बाई पोरासाठी, असं म्हटलं. ते त्यांना आवडलं होतं. आवडू नये असं त्यात काही नव्हतं.

गेली चार वर्षं विहंग पंडरी भागातल्या 'अपने-आप' नावाच्या दिवसकेंद्रात जात होता. वयाने मोठ्या झालेल्या अशा मुलांना तिथे दिवसभर जगण्याची कामं शिकवतात: चहा करणं, रस्ता ओलांडणं, घड्याळ बघणं, अनोळखी माणसाने खांद्यावर हात टाकला तर काय म्हणायचं. केंद्र कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. मुलांचे पाय ठीक होते. ज्यांच्या आयांचे नव्हते, त्यांचा विचार करायचं राहून गेलं होतं. त्यामुळे नेणं, आणणं, सह्या, पालकसभा, हे सगळं दिवाकररावांनी आपणहून अंगावर घेतलं. एकोणचाळीस वर्षं रेल्वेच्या माल कार्यालयात काढलेला माणूस. दुसऱ्याचं पोतं चुकून आपल्या गाडीत चढू दिलं नाही, ही त्यांची ख्याती. सकाळी साडेआठला बापलेक जोडीने निघत, पावणेपाचला जोडीने परतत. आज काय शिकवलं, असं सुशीलाबाई विचारत. चालू आहे हळूहळू, असं दिवाकरराव सांगत.

मार्चच्या शेवटी दिवाकररावांना अभनपूरला एका जुन्या सहकाऱ्याच्या तेरवीला जावं लागलं. विहंगला केंद्रावर सोडून तसाच पुढे जातो आणि त्याला घेऊनच परततो, असं सांगून ते निघाले. अकराच्या सुमारास सुशीलाबाईंना केंद्रातल्या शर्मिष्ठादीदीचा फोन आला. ही मुलगी मराठी घरात वाढलेली, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर हिंदीत देणारी. ती म्हणाली, अंकलचा फोन लागत नाही, विहंगभैयाच्या नव्या वर्षाच्या योजनेवर आजच सही हवी, नाहीतर वरच्या कार्यालयात अहवाल अडकतो. कोणीतरी यावं.

कोणीतरी म्हणजे घरात एकच माणूस होतं. सुशीलाबाई ई-रिक्षा करून पंडरीला गेल्या. जिन्याला अडतीस पायऱ्या होत्या. बाराव्या आणि सव्विसाव्या पायरीवर त्या बसल्या. खालच्या दुकानातून कोऱ्या कापडाचा वास येत होता, आणि एक गुमास्ता कोणाला तरी सांगत होता की हा रंग जात नाही.

वर एका दाराला काच होती. आत लोकेश नावाचा एक नवा मुलगा स्टुलावर बसला होता, विशी-बाविशीचा, शर्ट उघडा. त्याच्यापुढे विहंग उभा होता. त्याचाही शर्ट उघडा.

"नीचे से," विहंग म्हणाला. "पहले नीचे से. देख."

आणि त्याने आपलं सगळ्यात खालचं बटण लावलं. मग वरचं. मग त्याच्या वरचं. सुशीलाबाईंना चष्मा सापडेपर्यंत तो सहाव्याला पोचला होता. सातवं त्याने लावलं नाही. गळा उघडा टाकला, कॉलर दोन बोटांनी सरळ केली, लोकेशकडे पाहिलं, आणि त्याला जमत नाही असं दिसल्यावर सगळी बटणं पुन्हा काढून पुन्हा खालून सुरुवात केली. त्याच्या चेहऱ्यावर जुन्या मास्तरांचा कंटाळा होता.

आधी त्यांना वाटलं, हा दुसरा कोणीतरी आहे. मग आनंद झाला. तो दोन बटणांपुरता टिकला. तिसऱ्याला त्यांच्या लक्षात आलं, की असा कंटाळा येण्याइतकी सवय एका आठवड्यात होत नाही.

शर्मिष्ठादीदीने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उत्साहाने सांगायला लागली. विहंगभैया म्हणजे केंद्राची शान. बटणं दोन वर्षांपूर्वीच झाली. चौदा जणांचा चहा एकटे करतात. दीड वर्षापासून ऑटोने एकटे येतात, एकटे जातात. शेवटच्या वाक्याला सुशीलाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"आंटी, आपको तो पता ही है सब," शर्मिष्ठा म्हणाली. "आपने साइन किया है ना."

तिने फाईल उघडली. दोन वर्षांच्या योजनेवर, पानोपानी, सुशीला दि. बोरकुटे अशी सही होती. 'ल'ची गाठ गोल, 'ब'चं पोट भरलेलं, खाली सरळ रेघ. मालगाडीच्या पावत्यांवरचं अक्षर सुशीलाबाई कुठेही ओळखू शकत होत्या.

मग पट्ट्या निघाल्या. केंद्रात प्रत्येक कामाची चित्रांची पट्टी करतात, चौकोनाला चौकोन जोडून, म्हणजे मूल बघत बघत पुढे जातं. एका पट्टीवर लिहिलं होतं 'केंद्र': शर्ट घे, हात घाल, बटणं लाव, आरशात बघ. तिसऱ्या चौकोनात विहंगच्या हातांचा फोटो होता. दुसऱ्या पट्टीवर लिहिलं होतं 'घर'. शर्ट घे, हात घाल, आणि तिसऱ्या चौकोनात खुद्द सुशीलाबाई. पुतण्याच्या लग्नातला फोटो, जांभळं लुगडं, खांद्यावर फोटोतून कापून टाकलेल्या कोणाचा तरी हात. वर प्लास्टिक चढवलेलं.

शर्मिष्ठाने समजावलं, की पट्टीत एकही चौकोन रिकामा ठेवता येत नाही, मूल तिथेच अडकून बसतं. म्हणून जो काम करणार त्याचा फोटो लावतात. नळाचा असतो, दाराचा असतो. तसा हा.

"आणि हे काय?" सुशीलाबाईंनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. विहंगची वर्षभरातली उद्दिष्टं तिथे क्रमाने लिहिली होती. सहावं होतं: 'माताजी को घर में काम देना, जिससे उन्हें अच्छा लगे.' पुढच्या रकान्यात प्रगती लिहिलेली होती. 'संतोषजनक. स्वतंत्र रूप से करते हैं.'

म्हणजे दोन वर्षं एक शिकवणी सुशीलाबाईंचीही चालू होती, घरबसल्या, आणि त्या चांगल्या गुणांनी पास होत होत्या. शर्मिष्ठाला यात काही वावगं वाटत नव्हतं. तिला हे उद्दिष्ट फार सुंदर वाटलं होतं. अंकलनी सुचवलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, असंही ती म्हणाली.

सुशीलाबाईंनी पेन मागितलं आणि नव्या योजनेवर सही केली. शर्मिष्ठाने ती आधीच्या सह्यांशी ताडून पाहिली आणि ओशाळी होऊन म्हणाली, "आंटी, सही मॅच नहीं हो रही."

"हव," सुशीलाबाई म्हणाल्या. "नाही होनार."

विहंगला त्यांनी हाक मारली नाही. अडतीस पायऱ्या उतरून घरी आल्या, आणि साडेचारपासून दारापुढच्या ओट्यावर बसून राहिल्या.

चार पस्तीसला कोपऱ्यावर ऑटो थांबला. विहंग एकटा उतरला. ऑटोवाल्याला त्याने हात केला, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला, पानठेल्याच्या बाकाजवळ गेला आणि तिथे उभा राहिला. घर तिथून साठ पावलांवर होतं. सुशीलाबाई बघत होत्या. विहंगने घड्याळ बघितलं. पावणेपाच झाले, पाच झाले. तो हलला नाही. रोज याच बाकावर दिवाकरराव विडा चघळत त्याची वाट बघत, आणि मग दोघं दमल्यासारखे जोडीने घरी येत. आज बाकावरचा माणूस अभनपूरला पंगतीत बसलेला होता, आणि नाटकाचा दुसरा नट वेळेवर हजर होऊन ताटकळला होता.

सव्वापाचला सुशीलाबाई उठल्या आणि भिंत धरत धरत कोपऱ्यापर्यंत गेल्या. पानठेलेवाला काही सांगायला तोंड उघडणार होता. त्यांच्याकडे पाहून त्याने सुपारी कातरायला घेतली. म्हणजे यालाही माहीत होतं.

घरी आणून त्यांनी विहंगला स्टुलावर बसवलं. गळा उघडा होता. घाईत केंद्रातून निघताना तो लावायचं विसरला असावा, किंवा तेही काम वाटेत बाकावर होत असावं.

"तुले बटना लावता येतात?"

"हव."

"कवापासून?"

विहंगला चुकीचं उत्तर द्यायला आवडत नाही. त्याने बराच विचार केला. "दो दिवाली."

"मंग घरी काहून नाही लावत?"

त्याने पिशवीतून 'घर'च्या पट्टीतल्या चित्रांची छोटी चळत काढली, तिसरं चित्र वर केलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं. एका सुशीलाबाईंनी दुसऱ्या सुशीलाबाईंकडे पाहिलं. चित्रातल्या बऱ्या दिसत होत्या.

"घरी आई," विहंग म्हणाला. "बाबा म्हणले, आईले बरं वाटते."

"अन् तुले? तुले कसं वाटते, मी लावते तं?"

हा प्रश्न बहुतेक कुठल्याच पट्टीवर नव्हता. त्याने गळ्याला हात लावला. "गुदगुल्या होतात."

"गुदगुल्या?"

"इथं. लास्टवाल्यात." मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली आणि नजर कॅलेंडरवर लावली. रोज सकाळी आठची ती मुद्रा. "हसायचं नाही. आई लावून राहिली तं हसायचं नाही. बाबानं शिकवलं."

सुशीलाबाईंनी दोन वर्षं त्या ताठ मानेकडे बघून मनाशी म्हटलं होतं, किती परावलंबी लेकरू आहे माझं.

थोड्या वेळाने विहंग उठून स्वयंपाकघरात गेला, आणि तिथे जायला आपल्याला मनाई आहे हे आठवून परत आला.

दिवाकरराव साडेसहाला आले, तेरवीच्या जेवणाने जड झालेले, हातात बुंदीचं पुडकं. फोन बंद पडल्याचं सांगायला त्यांनी सुरुवात केली, तोवर बाजेवर मांडलेली चित्रांची चळत त्यांना दिसली. पुडकं त्यांनी हळूच कोनाड्यात ठेवलं, जसं काही आवाज झाला तर गुन्हा वाढेल.

सुशीलाबाईंनी आवाज चढवला नाही. आज काय काय पाहिलं ते क्रमाने सांगितलं, जिन्यापासून बाकापर्यंत. दिवाकरराव ऐकत गेले आणि मग म्हणाले, की तिच्यासाठीच केलं. तीस-बत्तीस वर्षं जिने एकच काम केलं, तिला एका सकाळी सांगायचं, की बाई, आता गरज नाही? जीव होत नव्हता. तुले बरं वाटावं, एवढंच. वाक्य चांगलं होतं. दोन वर्षांपूर्वी शर्मिष्ठापुढे घडवलेलं असावं, कारण कुठेही अडखळलं नाही.

"डॉक्टरनं चारदा सांगतलं," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी चारदा बटनाईचं विचारलं. त्यातल्या तीनदा तुमाले माहीत होतं. तुमी पंखा पाहून राहिले होते."

दिवाकरराव आताही वर बघायला गेले. मग त्यांनी मान खाली घेतली.

"दोन वर्ष मी रात्री गुडघ्याले तेल चोळून राहिली. तुमी बाजूले झोपून राहिले."

बाहेरून कोणाच्या तरी कुकरची शिट्टी आली.

"महिना-दीड महिना म्हणला ना तो डॉक्टर," दिवाकरराव शेवटी म्हणाले. "घरात मी अन् हा. मले तं चहा बी नाही येत, सुशीला. याले माह्याहून जास्त येते. मले भेव वाटलं."

सुशीलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, मुलाच्या स्टुलावर बसलेला.

"मी ऑपरेशनात मरन म्हून भेव वाटलं, असं तरी म्हना."

"ते बी होतं," दिवाकरराव म्हणाले. पण जरा उशिरा म्हणाले.

त्या उशिराला सुशीलाबाईंनी माफ केलं नाही. पोराशी फार अबोला धरता येत नाही, तो अबोलाच समजत नाही. केंद्रावर रागवावं तर तिथल्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलेलं. उरला होता हा एकटा, आणि त्याच्यावर त्यांनी सगळा राग नीट, घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला विहंग स्टुलावर येऊन बसला, हात मांडीवर. सुशीलाबाई बाजेवर बसून डॉक्टरांच्या दवाखान्याला फोन लावत होत्या. त्यांनी विहंगकडे पाहिलं नाही. तो वीस मिनिटं वाट बघत बसला, कारण तिसरा चौकोन जागेवर होता आणि काम करत नव्हता. मग त्याने स्वतःच बटणं लावली, सहा. सुशीलाबाईंना ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आणि तारीख कोणती देऊ, असं पलीकडून दोनदा विचारावं लागलं.

तारीख सोळा एप्रिलची मिळाली. मधल्या तीन आठवड्यांत दिवाकररावांनी पुष्कळ काही केलं. रोज तेलाची वाटी घेऊन आले. सुशीलाबाईंनी वाटी घेतली, हात घेतला नाही. घरात बोलणं चालू होतं, पण कामापुरतं. विहंगला सुशीलाबाईंनी स्वयंपाकघर उघडून दिलं. पहिल्या दिवशी त्याने चौदा जणांचा चहा केला, कारण त्याला तेवढ्याचाच अंदाज होता.

सोळा तारखेला तिघं दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, कोणता गुडघा आधी. मग त्याने विचारलं, पेशंटसोबत कोण राहणार, एकालाच पास मिळेल. दिवाकरराव आपली पिशवी घेऊन एक पाऊल पुढे झाले. पिशवीत दोन धोतरं, वर्तमानपत्र आणि टॉर्च होता.

"विहंग दिवाकर बोरकुटे," सुशीलाबाई म्हणाल्या.

काउंटरवरच्या माणसाने विहंगकडे पाहिलं. विहंग घड्याळाकडे बघत होता. त्या माणसाने सुशीलाबाईंना हिंदीत, आवाज खाली आणून विचारलं, की हे सांभाळू शकतील का. वेळेवर औषधाची आठवण करणं, घंटी दाबणं, नर्सने सांगितलेलं करणं, जबाबदारीचं काम असतं.

"सांगतलेलं काम हा दोन वर्ष रोज, एक दिवस न चुकता, तोंडावरची रेघ न हलवता करते," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी सोता पाहिलं आहे."

माणसाने दिवाकररावांकडे बघितलं, वडील म्हणून काही म्हणायचं आहे का, या अर्थाने. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पास विहंगच्या गळ्यात गेला. त्याने सही केली, एकेक अक्षर सुटं, केंद्रात शिकवलेली. ती कोणाच्या सहीसारखी नव्हती.

"मंग मी?" दिवाकरराव म्हणाले.

"तुमी घरी जा. भेटायची वेळ चार ते सहा आहे, भिंतीवर लिवलं आहे." सुशीलाबाई चाकांच्या खुर्चीत बसल्या. बसताना दोन्ही गुडघे वाजले. दिवाकररावांचा हात पुढे आला होता, तो सुशीलाबाईंनी दिसूनही न दिसल्यासारखा केला, आणि खुर्चीचे दांडे धरले. "अन् गॅस कसा पेटवायचा ते त्याले विचारून घ्या आत्ताच. दीड महिना आहे."

दिवाकरराव पिशवी खांद्याला लावून विहंगपुढे उभे राहिले. मागे रांग खोळंबली होती.

"पहिले हात धुवायचे," विहंग म्हणाला. "साबुन से. मंग पुसायचे. मंग खिडकी उघडायची. मंग..."

"ते येते मले," दिवाकरराव म्हणाले. "लायटर कोनत्या बाजूले फिरवायचा ते सांग."

विहंगने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

"पहिले," तो म्हणाला, "हात धुवायचे."